मायनस नऊ

आठवड्यातून एखादा तरी असा यायचाच. वय विशी-बाविशीचं, पाठीवर सॅक, आणि दुकानात शिरल्यावर फ्रेमांकडे न बघता आधी काउंटरमागच्या बाईकडे बघत राहणारा. मग घसा साफ करून हळूच विचारायचा, "त्यांच्यासारखी फ्रेम मिळेल का? ती गोल, काळी?"

'त्यांच्या' म्हणजे कोणाच्या, हे ताई कधी विचारत नसे. "ती यायची बंद झाली," असं ठोकून द्यायची आणि आतल्या खोलीत मशीनपाशी निघून जायची. पुढचं गिऱ्हाईक मालक सांभाळून घ्यायचे.

तिला सगळं दुकान ताईच म्हणायचं. वीस वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. कारण तिचा भाऊ शाळेत असल्यापासून दाराबाहेरूनच "ताईऽ" अशी आरोळी ठोकत आत यायचा, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. चौदा वर्षं ती या चष्म्याच्या दुकानात होती. बाहेरून गोल भिंगं यायची. त्यांचा नंबर तपासायचा, फ्रेमच्या मापाने ती कापायची, कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि बसवायची, हे तिचं काम. हात इतका बसलेला की मशीनच्या आवाजावरून काच कुठे जास्त घासली जातेय ते तिला कळायचं.

भाऊ तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. घरात त्याला भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "घरात भिंगरी आणि दुकानात भिंगं, ताईची सुटका नाही," असं मालक म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसायचे. दीड वर्षापूर्वी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, भिंगरी एकटा डोंगरापलीकडच्या जंगलात गेला. महिन्याभरात येतो म्हणाला होता. शेवटच्या गावातल्या माणसांनी त्याला जाताना पाहिल्यापासून चौतिसाव्या दिवशी शोधपथकाला तो सापडला. एका ओढ्याकाठी, खडकाला टेकलेला. जाऊन आठवडा झाला असावा, असं डॉक्टरांनी लिहिलं.

त्यानंतर जो तो त्याच्याबद्दल बोलायला लागला. त्याच्या वहीतली शेवटची ओळ एका वर्तमानपत्राने फोटोखाली छापली, आणि वणवा पेटावा तशी ती सगळीकडे गेली: "झाड, पाणी, आकाश, सगळं एक झालंय. कशालाच कडा उरल्या नाहीत. भीती वाटत नाही." पोरं ती ओळ शर्टावर छापून फिरायला लागली. त्यांच्या मते भिंगरी म्हणजे सगळं सोडून सृष्टीत विरघळून गेलेला माणूस. नोकरीधंद्याच्या चरकात पिळून निघणाऱ्यांना त्याने वाट दाखवली वगैरे.

त्याला शोधून काढणारा वाटाड्या मात्र ही भाषा ऐकली की पेटायचा. "तो बसला होता तिथून समोर बघा," तो सगळ्यांना सांगायचा. "ओढ्यापलीकडे जंगलखात्याची चौकी आहे. लाल पत्रा, अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. आत शिधा, रॉकेल, औषधं, सगळं. चौकीच्या खालीच माणूस ओलांडेल असा साकव आहे. डोळे असलेल्या कुणालाही दिसेल. आणि हा इकडच्या काठावर उपाशी बसला! एक तर डोक्याने कमी, नाहीतर मरायलाच आलेला. आता त्याच्या नादाने पोरं येतात, आणि त्यांना खांद्यावर घालून आणायचं आम्ही."

आणि बाबा. बाबांनी तर एका शब्दात निकाल लावला होता. पाणीखात्यात एकतीस वर्षं घरोघरी मीटर वाचून निवृत्त झालेला माणूस; आकडा दिसला तो लिहिला, की विषय संपला. कुणी दारात येऊन "तुमच्या मुलामुळे माझं आयुष्य बदललं" असं म्हणालं, की बाबा चौकटीत उभे राहूनच सांगायचे, "मूर्ख होता तो. तुम्ही घरी जा." आणि दार लावून घ्यायचे.

ताईला तिघांचाही राग यायचा. पण तिला स्वतःला काय वाटतं, असं कुणी विचारलं तर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. ती नुसती उठायची. जेवताना ताटावरून उठायची, खिडकी उघडायची, बंद करायची. बसमधून दोन थांबे आधीच उतरून तरातरा चालत सुटायची. नवरा म्हणाला, "अगं, जरा टेक की," तर त्याच्यावर खेकसायची. पंचनाम्यात भावाच्या वस्तूंची यादी होती. सॅक, पातेलं, चाकू, वही, बूट. चष्मा नव्हता. कुठल्या तरी जनावराने ओढून नेला असेल, असं तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि त्या विचारावर दगड ठेवला होता.

एका मंगळवारी दुपारी पत्रकार बाई दुकानात आल्या. त्या भिंगरीवर पुस्तक लिहीत होत्या. वर्षभरापूर्वी पोलिसांकडून वही सुटली तेव्हा ताईने ती न उघडताच त्यांच्या हातात दिली होती. उघडायची छाती झाली नव्हती. आता पुस्तक छापायला निघालं होतं, म्हणून वही परत करायला आल्या होत्या. बाई स्वभावाने चांगल्या. येताना नेहमी मालकांचीसुद्धा चौकशी करायच्या.

"तुम्ही एकदा तरी वाचा, ताई," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, तो मरायला गेला नव्हता, पण मरण समोर आल्यावर त्याने ते स्वीकारलं. माझं पुस्तक त्याच्यावरच आहे. आणि गंमत बघा, ते त्याच्या अक्षरातसुद्धा दिसतं." त्यांनी वही काउंटरवर उघडली. "सुरुवातीला कसं मोठं, ऐसपैस अक्षर आहे. आणि इथून पुढे बघा. बारीक होत गेलंय. जणू त्याचा मीपणाच आक्रसत गेला."

ताईने वाकून पाहिलं. एका पानापर्यंत भिंगरीचं नेहमीचं अक्षर होतं, दोन ओळींची जागा खाणारं. पुढच्या पानावर मुंग्यांची रांग. वहीवरच्या छापील रेघा सोडून तिरकी चाललेली, आणि मध्येमध्ये शाई फासलेली. कागदाला नाक लागून फासते तशी.

हे अक्षर तिने पाहिलं होतं. तिसरीत असताना भिंगरीचा चष्मा शाळेत फुटला होता, आणि नवा येईपर्यंत आठवडाभर तो असाच लिहायचा. वहीत तोंड खुपसून, बारीक बारीक, नाकाचा शेंडा निळा करून.

"या पानावर काय आहे?" तिने विचारलं.

"ते? तो ओढ्यात घसरला होता त्या दिवशीचं." बाईंनी वाचून दाखवलं. "'पाण्यात आपटलो. ताई म्हणाली तेच झालं. आता तसंच भागवायचं.' मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? तुम्ही त्याला काय म्हणाला होता? तुम्ही म्हणालात, मी बरंच काही बोलते."

"दोरी बांध म्हणाले होते."

"कसली दोरी?"

"चष्म्याला. चष्म्याला दोरी बांध, नाहीतर एक दिवस पाण्यात घालवशील, म्हणाले होते. त्याला लाज वाटायची. म्हातारा दिसतो म्हणायचा." ताईचा आवाज चढत होता आणि तिला तो आवरत नव्हता. "मायनस नऊ नंबर होता हो त्याचा! चष्म्याशिवाय त्याला स्वतःच्या हाताची बोटं मोजता यायची नाहीत. सगळं एक झालंय, कडा उरल्या नाहीत... अहो, त्याला दिसत नव्हतं! तेच लिहिलंय त्याने. दुसरं काही नाही!"

मालक आपल्या जागेवरून उठून उभे राहिले. बाईंनी वहीचं शेवटचं पान काढलं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "पण 'भीती वाटत नाही' हेही लिहिलंय ना."

"लिहिलंय."

"मग नुसता चष्मा म्हणून सगळं मिटत नाही, ताई."

"मिटतं असं कुठे म्हणतेय मी?" ताई म्हणाली. बाई गेल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कोणीतरी भरल्या ताटावरून उठवल्यासारखा भाव होता.

ताई मशीनपाशी गेली. हातातली काच दोनदा उलटी लावली. शेवटी मशीन बंद केलं, आणि तिच्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला. तिथे, पावतीपुस्तकांच्या खाली, एक पांढरं पाकीट होतं. त्यावर तिच्याच हाताने भावाचा नंबर लिहिलेला. आत दोन भिंगं.

हे दुनियेत तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. जाण्याच्या दोन दिवस आधी भिंगरी दुकानात आला होता. "ताई, तो जादाचा चष्मा झाला का गं?" महिन्यापूर्वीच त्याने सांगून ठेवला होता. तेवढा शहाणपणा त्याला होता. भिंगं आदल्याच दिवशी आली होती. कापून बसवायला तिला अर्धा तास पुरला असता. पण ती म्हणाली, "अजून आली नाहीत रे. एवढ्या मोठ्या नंबरची लवकर मिळत नाहीत. चार-पाच दिवस थांब." तिला वाटलं होतं, चार-पाच दिवस थांबला तर कदाचित मन फिरेल. बाबा समजावतील, एखादं काम आडवं येईल, काहीही होईल. भिंगरीने डोळ्यांवरचा चष्मा बोटाने वर ढकलला. "राहू दे मग. हा आहे की," म्हणाला आणि गेला.

ताईने पाकीट पर्समध्ये टाकलं. मालकांना म्हणाली, "मी जाते." तीन वाजले होते. मालकांनी का म्हणून विचारलं नाही.

रस्त्यावर आल्यावर कुठे जायचं ते तिला कळेना. एका बाकावर बसली, उठली, पुढच्या बाकावर बसली. तिथून तिने वाटाड्याला फोन लावला. त्याचा नंबर गेल्या वर्षीपासून फोनमध्ये होता. शिव्या ऐकाव्या लागतील म्हणून ती कधी लावत नसे. तिने एका दमात सगळं सांगितलं. भिंगांचं सोडून.

मग वाटाड्या म्हणाला, "मायनस नऊ म्हणजे किती, ताई? मला कळेल असं सांगा."

"तुम्ही त्याच्यापासून दहा पावलांवर उभे असता, तर माणूस आहे की झाड, हे त्याला कळलं नसतं."

"आणि लाल पत्रा?"

"पत्रा कसला. एवढ्या लांबून फार तर एक लालसर डाग. तेही ऊन पडलं असेल तर. झाडाची पानं असतील, माती असेल, काय समजणार?"

"अहो, तिथे पळस आहेत," वाटाड्या म्हणाला. "त्या दिवसांत सगळी टेकडी लाल असते." आणि मग एकदम आवाज खाली आला. "मी वर्षभर त्याला शिव्या घालतोय हो. येईल त्याला तिथे नेऊन उभं करतो आणि सांगतो, बघा, गाढवाला एवढं दिसलं नाही." "तो खडकावर उगाच नव्हता बसला. पाण्याचा आवाज धरून खालपर्यंत आला असणार. पाणी धरलं की वस्ती लागते, हे माहीत होतं पोराला. डोकं शाबूत होतं त्याचं."

डोकं शाबूत होतं. हे बाबांना सांगायलाच हवं, असं ताईला वाटलं. आणि हे सांगायचं तर पाकिटाचंही सांगावं लागणार, हेही त्याच क्षणी कळलं. नुसतं अर्धं सांगून ती बाबांच्या समोर बसू शकली नसती. ती दुकानात परत गेली, मालकांच्या कपाटातून डोळे तपासायची पेटी काढली आणि बस पकडली.

बाबा एकटेच राहायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. दार उघडून त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. "या वेळेला? बरं आहे ना?"

ताई चपला न काढताच बोलायला लागली. वही, अक्षर, ओढा, दोरी. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी मीटर वाचणाऱ्या माणसासारखे प्रश्न विचारले. किती तारखेला पडला? शेवटचं पान कुठल्या तारखेचं? मधे किती दिवस?

"अकरा."

"मायनस नऊ म्हणजे नेमकं कसं दिसतं?"

ती हाच प्रश्न येणार म्हणून पेटी घेऊन आली होती. तिने ट्रायल फ्रेम काढली. डोळे तपासताना नाकावर चढवतात ती जड, खाचांची फ्रेम. बाबांची लांबची नजर अजून चांगली होती, त्यामुळे उलट, म्हणजे प्लस नंबरची जाड भिंगं घातली की त्यांना साधारण भिंगरीसारखं दिसणार होतं. तिने ती दोन्ही डोळ्यांवर बसवली.

बाबांनी खोलीभर मान फिरवली. "टीव्ही कुठे गेला?"

"समोरच आहे."

ते उठले. हात पुढे करून दोन पावलं टाकली आणि टीपॉयवर आदळले. ताई धावली तर म्हणाले, "सोड मला." भिंत चाचपत ते दारापर्यंत गेले, दार उघडलं, जिन्याची पहिली पायरी पायाने शोधली. खालून शेजारचे गृहस्थ वर येत होते. "काय हो, हे काय लावलंय?" ते हसत म्हणाले. बाबांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं, पण ते भलत्याच बाजूला झालं. गृहस्थांचं हसू तिथेच विरलं. बाबा तीन पायऱ्या उतरले आणि कठड्याला घट्ट धरून उभे राहिले. चौथीवर पाय टाकायची त्यांची हिंमत होईना.

"अकरा दिवस," ते म्हणाले. "दगडाधोंड्यांतून. मला माझ्या घराचा जिना उतरता येत नाही."

ताईने त्यांना धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं, फ्रेम काढली. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते बरंच काही बोलायच्या बेतात आहेत असं तिला दिसलं, आणि त्यांनी ते बोलायच्या आत आपण बोललं पाहिजे, नाहीतर मग कधीच जमणार नाही, हेही कळलं. तिने पर्समधून पाकीट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"त्याच्या जादाच्या चष्म्याची भिंगं. तो गेला तेव्हा आलेली होती, बाबा. मी त्याला नाहीत म्हणून सांगितलं. चार दिवस थांबेल म्हणून."

बाबांनी पाकीट उघडलं नाही. वरचा नंबर वाचला. एकदा, मग परत एकदा. नंतर पाकीट टीपॉयवर ठेवून ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार लावल्याचा आवाज आला नाही, पण ते बाहेरही आले नाहीत. ताई तासभर तिथेच बसून होती. इतके महिने तिला एका जागी बसवलं नव्हतं, आणि आता पाय हलत नव्हते. शेवटी ती दाराशी जाऊन म्हणाली, "बाबा, मी निघू?"

"नीघ," आतून आवाज आला.

पुढचे बारा दिवस बाबांचा फोन नाही. तिने केला तर उचलला नाही. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू मुद्दाम थोडंच केलंस?" "मुद्दामच केलं," ती म्हणाली. पत्रकार बाईंनी छापखाना थांबवून पुस्तकात दोन पानं घातली. तशी बातमी आली, तर भिंगरीचे भक्त चवताळले. बहिणीला त्याचं मोठेपण बघवत नाही, असं कुणीतरी लिहिलं. एक मुलगी तर दुकानात येऊनच भांडली. "तुम्ही त्याला एवढासा करून टाकलात," म्हणाली.

"एवढासाच होता गं," ताई म्हणाली. "माझ्या खांद्याला लागायचा." मुलगी रडत निघून गेली आणि ताईला दिवसभर वाईट वाटत राहिलं. वाटाड्याने मात्र चौकीच्या खांबाला मोठी घंटा बांधून घेतली. वारा सुटला की वाजते, ओढ्याच्या अलीकडे ऐकू येते, असं त्याने फोन करून सांगितलं.

तेराव्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी होती. समोर एक आजोबा बसले होते, ताई पट्टी धरून त्यांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजत होती. फोन वाजला. बाबा.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. हॅलो नाही, काही नाही. "त्याला कळलं होतं का? भिंगं आलीत ते?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, बाबा. मी तोंडावर खोटं बोलले होते."

"मग तो तुझ्यावर चिडून नाही गेला."

"नाही."

मागे बाबांच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. त्यांनी तो कधी असा वाहू दिला नव्हता.

"मी चिडलोय," ते म्हणाले. "आणि ते इतक्यात जाणार नाही, सांगून ठेवतो."

"हो."

"रविवारी ये. ती वही घेऊन ये. त्याचं ते बारीक अक्षर मला वाचता येणार नाही, तुला वाचून दाखवावं लागेल. पहिल्या पानापासून."

फोन ठेवला गेला. ताईने पट्टी पुन्हा आजोबांच्या नाकावर धरली आणि अंतर मोजलं. चौसष्ट आलं. दुसऱ्यांदा एकसष्ट आलं.

"काय हो बाई, माझे डोळे सरकतायत की काय?" आजोबा म्हणाले.

"नाही, आजोबा," ती म्हणाली. "माझा हात हलतोय. जरा थांबाल का?"

"थांबतो की. मला कुठे जायचंय?" आजोबा म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले.